भांड्याखालचं नाव

दादा,

काल तुझ्या गल्लीत भांडी परत करायला गेले होते. जड भांडी तू उचलायची आणि झाकणं मी सांभाळायची, अशी आपली लहानपणापासूनची वाटणी. काल सगळंच माझ्याकडे आलं. तिसऱ्या दारापर्यंत पोचेपर्यंत दंड भरून आले. "चिंगे, एवढी जिमला जातेस ती करतेस काय तिथे?" असं तू नक्की म्हणाला असतास. मी रस्त्यातच थांबून तुला उत्तरही दिलं. एक सायकलवाला वळून बघून गेला.

तुला जाऊन अजून महिना नाही झाला. तुझं शिक्षण काय, झुइडास भागातल्या बँकेत तू कोण होतास, हे सगळं वहिनीने इथल्या डच रीतीप्रमाणे छापील कार्डावर घालून पोस्टाने सगळ्यांना धाडलं आहे. ते मी पुन्हा लिहीत नाही. मला दुसरंच सलतंय. आई-बाबा गेल्यावर आपलं वेलर्टनचं घर आठवणारी दोनच माणसं उरली होती, तू आणि मी. आणि ते आपलं गाव नव्हतंच, असं मी तुझ्याशी आयुष्यभर भांडत राहिले. मी बिनधास्त 'नव्हतंच' म्हणायचे, कारण 'होतंच' म्हणायला तू होतास. आता मी नाही म्हटलं तर ते खरंच नाहीसं होईल, असं वाटायला लागलंय.

वेलर्टन, नेब्रास्का. चहूकडे मका, मधोमध पाण्याची टाकी, धान्याची उंच कोठारं, आणि गावात एकच सिग्नल, तोही नुसता पिवळा लुकलुकणारा. आणि त्या गावात आपले बाबा, साताऱ्याच्या शुद्ध शाकाहारी घरातले गुरांचे डॉक्टर. ज्या मुलखात माणसांपेक्षा गुरं जास्त आणि ती सगळी शेवटी ताटात जायची, तिथे बाबा थंडीत अर्ध्या रात्री उठून अडलेल्या गाई सोडवायला जायचे. वाचवलेल्या वासराचं पुढे काय होतं, हे विचारायचं नाही असा त्यांचा शिरस्ता होता. शेतकरी मात्र उपकार ठेवायचे नाहीत. कागदात गुंडाळलेले मांसाचे गोळे आपल्या व्हरांड्यात ठेवून जायचे. आई ते चिमट्याने उचलायची आणि बाबा गुपचूप दवाखान्यातल्या कुत्र्यांना घालायचे. वेलर्टनच्या कुत्र्यांनी जेवढी मौज केली तेवढी कुणी केली नसेल.

तुला त्या गावातलं सगळं आवडायचं. समोरून येणारा ड्रायव्हर स्टिअरिंगवरचा हात न काढता नुसतं एक बोट उचलून ओळख द्यायचा, ते तू सायकलच्या हँडलवर करायचास. दुपारी बाराला अग्निशमनाचा भोंगा वाजायचा आणि अख्खं गाव जेवायला बसायचं. तू कुठेही असलास तरी भोंग्याबरोबर घराकडे पळत सुटायचास, आणि मी मागून "दादा, थांब ना रे" करत रडत यायचे. मला काय आठवतं सांगू? शाळेच्या डब्यातली पोळी-भाजी मी बाथरूममध्ये जाऊन खायचे. वाढदिवसाला ज्यांना बोलावलं त्यातली निम्मी आली नव्हती. तू म्हणायचास, बर्फाचं वादळ होतं. असेलही. मला मात्र बर्फ आठवत नाही.

पण आजी गेली तो आठवडा दोघांनाही सारखाच आठवायचा. निदान नव्वद टक्के. साताऱ्याहून फोन आला तेव्हा बाबा गोठ्यातून नुकतेच परतले होते. त्यांनी उभ्यानेच ऐकलं आणि बूट न काढता स्वयंपाकघरात बसून राहिले. जाणं शक्यच नव्हतं. आईने गॅस पेटवला नाही. "आपल्याकडे शेजारपाजारचे पिठलं-भात घेऊन आले असते," ती म्हणाली. "इथे कोणाला ठाऊक, सुतक म्हणजे काय ते?"

आणि संध्याकाळी जाळीच्या दारावर टकटक झाली. समोरच्या लुसिलबाई. हातात मोठं काचेचं भांडं, वर चांदीचा कागद, खाली बुडाला पांढरी चिकटपट्टी, तिच्यावर पेनने लिहिलेलं 'लुसिल'. त्यांनी आईला मिठी मारली, भांडं टेबलावर ठेवलं आणि निघून गेल्या. मग दुसऱ्या बाई. मग पाद्रीबुवांची बायको. मग बाबांच्या दवाखान्यातली मुलगी. टेबल भरलं, ओटा भरला. एकेका भांड्याचा कागद आई उचलून बघायची आणि परत लावायची. सगळ्यांत मांस! बीफ आणि शेवया, बीफ आणि बटाटे, डुकराचं काहीतरी टोमॅटोत. आई सगळं बघून खुर्चीत बसली आणि ढसाढसा रडली. मला वाटलं, अन्न बघून किळस आली. तू म्हणालास, "वेडे, लोक आले म्हणून रडतेय."

त्या भांड्यांतल्या अन्नाचं पुढे काय झालं, यावरचा आपला खटला शेवटपर्यंत निकाली निघाला नाही. माझं म्हणणं, तू ते मागच्या कुंपणापाशी खड्डा करून पुरलंस. मी खिडकीतून फावडं बघितलं होतं. तुझं म्हणणं, फावडं गांडुळांसाठी होतं, आणि लुसिलबाईंचं बीफ तू गॅरेजमध्ये बसून खाल्लंस आणि ते अप्रतिम होतं. बाबांना हे दोन्ही ठाऊक नव्हतं, आणि आईने मरेपर्यंत कोणाचीच बाजू घेतली नाही.

पण खरी गंमत दुसऱ्या दिवशीची. शाळेच्या वाटेवर लुसिलबाईंनी तुला गाठलं. "आईला आवडलं का रे?" मी तुझा हात धरून उभी होते, म्हणून याला मी साक्षीदार आहे. गुरांच्या डॉक्टरच्या घरात मांस शिजत नाही, हे त्या गावात सांगायची तुला लाज वाटली की भीती, देव जाणे. तू जमिनीकडे बघत म्हणालास, "आमच्याकडे घरात कुणी गेलं ना, की आम्ही जनावरं खात नाही."

दुपारचा भोंगा व्हायच्या आत गावभर झालं असणार. त्या संध्याकाळी आलेल्या भांड्यांत चीज घातलेली मॅकरोनी, घेवड्याची भाजी, बटाट्याचे काप. आणि पुढे वर्षानुवर्षं तसंच! चर्चच्या जेवणाला आपल्यासाठी टेबलाचा एक कोपरा वेगळा मांडायचे. आपण मांस खात नाही ते आजीच्या दुःखाने, असं अख्ख्या वेलर्टनने धरून ठेवलं. आपण निघायच्या वर्षीसुद्धा लुसिलबाई आईचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "अजून विसरता येत नाही ना सासूला?" आईने इंग्रजी जपून वापरायची सवय लावून घेतली होती. ती म्हणाली, "येस, येस." सासूशी तिचं किती पटायचं हे आपल्याला माहीत. बाबा बाजूला वळून खोकायला लागले.

सुतक संपल्यावर आईने सगळी भांडी घासून ओट्यावर मांडली. त्यांचा नियम, भांड्याखाली नाव हवं. तिचा नियम, भांडं रिकामं परत जाता कामा नये. तिने साजूक तुपातला शिरा केला, केशर घालून, प्रत्येक भांड्यात बेताने भरला, आणि आपल्या दोघांना पिटाळलं. पट्टीवरचं नाव वाचायचं, दार शोधायचं, भांडं द्यायचं, 'थँक यू' म्हणायचं. माणसं आपल्याला आधी भांड्यांच्या बुडांवरून कळली आणि चेहरे नंतर कळले. मग ती माणसं आपल्या भांड्यात काहीतरी घालून परत यायची, आई पुन्हा भरायची. "हिचं माझ्याकडे, माझं हिच्याकडे, संपतच नाही मेलं," असं म्हणत ती मनापासून बेसन भाजत बसायची. दादा, हे मला सगळं आठवतं. तुझ्यापुढे मी कधी एवढं घडाघडा बोलले नाही, इतकंच.

मग आईनेच हट्ट धरला आणि आपण पुण्याला आलो. पुण्यात आपण 'अमेरिकेचे', अमेरिकेत 'डॉक्टरचे', आणि इथे डच मुलखात आल्यावर मराठी मंडळाच्या गणपतीत प्रत्येक जण प्रसादाची वाटी हातात देऊन विचारणार, "तुमचं मूळ गाव कुठलं?" तू छाती काढून सांगायचास, "वेलर्टन, नेब्रास्का." लोक हसायचे. एकदा एका काकांनी बिचाऱ्यांनी, "म्हणजे कऱ्हाडच्या अलीकडे की पलीकडे?" असंही विचारलं. मी पटकन म्हणायचे, "सातारा हो, आम्ही साताऱ्याचे." आणि परतीच्या गाडीत, स्लोटरडाइक स्टेशनला तू मला उतरवेपर्यंत भांडण.

"सातारा तू किती बघितलायस गं?"

"आजोबा तिथले, पणजोबा तिथले."

"पणजोबांच्या घराचा दरवाजा कुठल्या दिशेला आहे सांग."

"आणि तुझ्या वेलर्टनला आज तू गेलास तर एक माणूस तरी ओळखेल का तुला?"

"भांडी ओळखतील," तू म्हणायचास. वहिनी मागच्या सीटवरून म्हणायची, "झालं यांचं सुरू. रेवा, कानात हेडफोन घाल." आणि रेवा म्हणायची, "आत्या, आय ॲम फ्रॉम युट्रेख्ट, ओके?"

तुझा हट्ट नुसता बोलण्याचा नव्हता, हे मला ठाऊक होतं. तू युट्रेख्टला घर घेतलंस त्या पहिल्याच रविवारी तू शेजारच्या हेनीबाईंकडे बटाटेवडे घेऊन गेलास. न सांगता! इथे सख्ख्या बहिणीकडे जायचं तर लोक तीन आठवडे आधी अफस्प्राक, म्हणजे भेटीची वेळ, ठरवतात, आणि हा माणूस भांडं घेऊन दारात उभा. हेनीबाई दारातच विचारत होत्या, "आज काय आहे? कुणाचा वाढदिवस?" दुसऱ्या दिवशी त्यांनी भांडं लखलखीत धुऊन, पुसून, रिकामं परत आणलं, आणि डायरी काढून विचारलं की परतफेडीला तुम्हाला कुठला दिवस सोयीचा. मी हसून हसून लोळले होते. "दादा, हे नेब्रास्का नाहीये. इथे लोक माणुसकीलासुद्धा वेळ ठरवून घेतात," मी म्हटलं. तू चिकटपट्टी आणलीस, बुडावर मोठ्या अक्षरांत 'श्री' लिहिलंस, खाली इंग्रजी अक्षरांतही, आणि पुढच्या रविवारी परत गेलास. गल्लीत कुणाचं बाळ झालं, कुणाचा पाय मोडला, कुणी नवीन राहायला आलं की तुझं काचेचं भांडं निघालंच. मी म्हणायचे, श्रीधर डबेवाले. तू वर बघून हसायचास, तुला तो किताब आवडला होता.

आणि तो भोंगा. इथे महिन्याच्या पहिल्या सोमवारी दुपारी बाराला धोक्याच्या भोंग्याची चाचणी होते. लोक मान वर करतात आणि कामाला लागतात. तू मात्र दर वेळी मला ऑफिसात फोन करायचास. "चिंगे, जेवायला चल, भोंगा झाला." एवढंच बोलून ठेवायचास. मी मीटिंगमध्ये असायचे, वैतागायचे, पण फोन उचलायचे. परवाच्या सोमवारी भोंगा वाजला. मी फोन हातात घेऊन बसून होते. सहकारी म्हणाली, "घाबरू नकोस, टेस्ट आहे फक्त." मी म्हटलं, हो, माहीत आहे. मग मी डबा उघडला आणि जेवले. जेवले म्हणजे, दोन घास.

तू गेलास त्या दिवशी आम्ही कोणीच स्वयंपाकघरात गेलो नाही. वहिनी तुझ्या खुर्चीत बसून होती. मी मनात म्हटलं, मंडळातली माणसं रविवारी येतील, तोपर्यंत पावावर भागवू. इथे दुःखाच्या घरी कोणी आधी न विचारता येत नाही. कार्ड येतात, फुलं येतात, माणसं वेळ घेऊन येतात.

संध्याकाळी बेल वाजली. हेनीबाई. फोन नाही, मेसेज नाही, अफस्प्राक नाही. हातात काचेचं भांडं, वर चांदीचा कागद. त्यांच्या मागे कोपऱ्यावरचा तो उंच मुलगा, बाळवाला. त्याच्या मागे पाय मोडलेले आजोबा, आता बरे झालेले. भांडी ठेवली, वहिनीच्या खांद्यावर हात ठेवला, गेले. मी एक भांडं उचलून उलटं बघितलं. पांढरी चिकटपट्टी. नाव. दुसरं बघितलं. नाव. दादा, मी ओट्याला धरून उभी राहिले आणि आई तेव्हा जशी रडली होती तशी रडले. लोक आले म्हणून.

आणि ऐक, एकातही मांस नव्हतं. पालेभाजी घालून कुस्करलेल्या बटाट्यांचा स्टॅम्पॉट, पण वरचं सॉसेज गायब. वाटाण्याचं घट्ट सूप, त्यातही नाही. आणि चीज घातलेली मॅकरोनी! मी हेनीबाईंना दाराशी सोडायला गेले तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "श्रीने सांगितलं होतं एकदा. तुमच्यात घरात कुणी गेलं की जनावरं खात नाहीत. किती दिवस असतं ते?"

अरे नालायका! त्याच गल्लीतल्या बार्बेक्यूला तू सगळ्यांत आधी पोचायचास, ते त्यांना दिसलं नव्हतं का? तीच थाप तू इतक्या वर्षांनी इथेही खपवलीस, आणि ती कामाला आली ती तुझ्याच वेळी. मला रडता रडता हसू फुटलं. वहिनी आतून विचारायला लागली, काय झालं. हेनीबाई गोंधळून बघत होत्या. मी डोळे पुसले आणि म्हटलं, "बरेच दिवस." बाबांनीही त्या गावाला कधी खरं सांगितलं नव्हतं, मग मी कशाला सांगू?

म्हणून काल शिरा केला. तुझ्याच कढईत, साजूक तुपात, केशर घालून. आईच्या हाताचा नाही झाला, रवा जरा कमी भाजला गेला. प्रत्येक भांड्यात बेताने भरला. रेवा म्हणाली, "आत्या, मी येऊ?" मी नको म्हटलं. ही फेरी मला माझी हवी होती. पट्टीवरचं नाव वाचायचं, दार शोधायचं, बेल वाजवायची. फोन न करता. पहिल्या दाराशी हात बेलपर्यंत जाईना. इतकी वर्षं मी कुणाकडे असं गेलेच नाही, फक्त तुझी चेष्टा केली. मग वाजवली.

शेवटचं दार हेनीबाईंचं. त्यांनी भांडं घेतलं, आधी उलटं करून पट्टी बघितली, तू शिकवलं होतंस ना तसं, आणि "थांब" म्हणून आत गेल्या. परत आल्या तेव्हा हातात तुझं काचेचं भांडं. गेल्या महिन्यात तू त्यांना साबुदाण्याची खिचडी नेली होतीस म्हणे, ते त्यांच्याकडेच राहिलं होतं. आत सफरचंदाचा गोड पदार्थ, अजून कोमट, वर दालचिनी. "रिकामं द्यायचं नाही," त्या म्हणाल्या. "तुमच्या गावचा नियम आहे ना?"

"हो," मी म्हटलं. "आमच्या गावचा."

तोंडातून गेलं, दादा. डच भाषेत गेलं, पण गेलं. जिंकलास तू. मीठ-मिरची लावून वहिनीला सांगायला तू इथे नाहीस, याचं मला फार वाईट वाटतंय. फावड्याबद्दल मात्र मी एक पाऊल मागे घेत नाही, ते तू पुरलंच होतंस.

तुझं भांडं मी वहिनीला विचारून अ‍ॅम्स्टेलवीनला माझ्या घरी घेऊन आले. सफरचंद तिथेच आम्ही सगळ्यांनी मिळून संपवलं. भांडं घासलं, पट्टी भिजणार नाही अशा बेताने. 'श्री'ची शाई जरा पुसट झालीय, वेलांटी जेमतेम दिसते. गिरवायला पेन घेतलं आणि ठेवून दिलं, अक्षर तुझंच असू दे. माझ्या शेजारच्या दारामागे एक बाई राहतात. इतक्या वर्षांत त्यांचं नाव मला माहीत नाही. उद्या त्यात पोहे भरून मी त्यांची बेल वाजवणार आहे. न कळवता. त्या विचारतील, आज काय आहे. मला जे सुचेल ते सांगेन. पट्टी मी बदललेली नाही. भांडं परत येईल तेव्हा त्या दारात उभ्या राहून बुडावरचं नाव वाचतील, आणि विचारतील, श्री इथेच राहतात ना? मी हो म्हणेन आणि त्यांना आत घेईन.

— तुझी चिंगी